फुगवट्यावर मुक्काम : तंबू टाकण्याआधी जागा कशी पारखावी

धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागं पसरलेलं पाणी, हे तळं नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातलं राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी, पाटगाव, कुठलंही धरण घ्या, पावसाळ्यानंतर पाण्याचा काठ खाली सरकत जातो. ऑक्टोबरात होडी थेट गवताला लागते. एप्रिलात त्याच ठिकाणी पाणी आणि गवत यांच्यामध्ये उघडा उतार आणि गाळ असतो. म्हणून गेल्या खेपेच्या जागेवर विसंबू नका, दरवेळी नव्यानं पारखा.

आधी परवानगी. राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि राधानगरी व काळम्मावाडीच्या फुगवट्याचा बराच काठ त्यातच येतो. तिथं वनविभागाच्या परवानगीशिवाय उतरायचं नाही, मुक्काम तर नाहीच. पाण्यात होडी घालण्यासाठी जलसंपदा विभागाला विचारा. काठ खासगी असेल तर मालकाला भेटा. जवळच्या वाडीवर किंवा धनगरवाड्यावर चार शब्द बोललात, की जनावरं कुठून उतरतात आणि गाळ कुठं फसवा आहे, हे नकाशापेक्षा नेमकं कळतं.

दुपारी साडेतीनपर्यंत जागेच्या समोर पोहोचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या कुशीत अंधार त्याआधीच उतरतो. घाईत निवडलेली जागा बहुधा चुकीची निघते.

काठापासून तीस-चाळीस मीटरवर वल्ही थांबवा आणि पाण्यातूनच पाहा. काही ठिकाणी उथळ पाण्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात. त्यावर कनू (वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी) चढली की तळ फाटतो किंवा ती कलंडते, म्हणून शेवटचं अंतर अगदी हळू कापा. मग वल्हं उभं खुपसा. वीतभरापेक्षा जास्त आत गेलं तर तिथं उतरू नका. गाळ वरून सुकून कडक दिसतो, पण पाय ठेवताच गुडघ्यापर्यंत जातो. तो सोडवायला होडीच्या काठावर जोर दिला की होडी उलटते. मुरमाचा किंवा बारीक खड्यांचा हलका उतार सर्वात चांगला.

उतरल्यावर सामान होडीतच ठेवा, होडी बांधा आणि रिकाम्या हातानं शंभर पावलं चारही बाजूंना फिरा. ही फेरी कधीच टाळू नये. गवे ठरावीक वाटांनी पाण्यावर येतात, बहुधा संध्याकाळी आणि पहाटे. पाण्याकडे उतरणारी तुडवलेली वाट, दुभंगलेल्या खुरांचे मोठे ठसे, ताजं शेण दिसलं तर जागा सोडा. खूर गव्याचा की म्हशीचा, हा वाद घालत बसू नका. जनावरांच्या वाटेवरचा तंबू दोन्ही बाबतींत चुकीचाच. ओहोळाचं तोंडही नको. तिथून जनावरं उतरतात, रात्री थंड हवा साचते आणि वळवाचा पाऊस वर डोंगरात पडला की खाली लोंढा येतो.

मग मान वर करा. वाळक्या फांद्या, किडलेलं खोड, एका बाजूला कललेलं झाड यांच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडा. उंच झाडावर किंवा कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर ती जागा लगेच रद्द करा. धुरानं त्या माशा उठतात आणि तंबू त्यांना अडवू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये विजेचाही विचार करा. पाण्यात घुसलेलं उघडं टोक आणि एकटं उंच झाड दोन्ही टाळा.

वाऱ्याचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. उन्हाळ्यात दुपारनंतर घाटाकडून पश्चिमेचा वारा सुटतो आणि लांब पाण्यावरून येताना लाटा वाढवतो. पूर्वेच्या काठाला त्या थेट आपटतात. पश्चिमेच्या काठावर डोंगराचा आडोसा मिळतो, शिवाय सकाळचं ऊनही लवकर येतं.

दोन माणसांच्या तंबूला दोऱ्यांसह साधारण चार बाय चार मीटर जागा धरा. अंथरूण न टाकता पाच मिनिटं आडवे व्हा. घसरत असाल तर रात्रभर घसराल. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, खुंट्या शिरत नाहीत, तिथं दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. गाळावर खुंट्या उपसून येतात. पिशवीत दगड भरून ती पुरा आणि दोरी तिला बांधा. दगडांच्या ढिगाऱ्यालगत आणि पालापाचोळ्यावर झोपू नका, फुरसं अशाच ठिकाणी दबा धरून असतं. मोबाईलला रेंज कुठं मिळते ते उजेडातच शोधून ठेवा. सर्पदंश झाला तर १०८ ला फोन लावायला तेव्हा धावपळ नको.

वाळल्या गवतात चूल मांडू नका. एका ठिणगीनं वणवा पेटतो. छोटा गॅस स्टोव्ह उघड्या मुरमावर ठेवा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवा, निवळू द्या, फडक्यानं गाळा आणि खळखळून उकळा. शौचाचा खड्डा पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, वीतभर खोल असावा. खरकटं आणि कचरा बंद डब्यात घेऊन परत या; वासानं रानडुकरं येतात.

झोपण्याआधी पाण्याच्या कडेला काटकी रोवा आणि तासाभरानं बघा. पाणी काटकीच्या पुढं सरकलं असेल तर तंबू वर हलवा. परतीच्या पावसाच्या दिवसांत पाण्यापासून किमान दीड मीटर उंची हवीच. कनू पूर्ण बाहेर ओढून पालथी घाला, दोन्ही टोकं वेगवेगळ्या झाडांना किंवा दगडांना बांधा आणि वल्ही व लाइफ जॅकेट तिच्याखाली ठेवा.