हट्ट कुठला आणि दुखणं कुठलं

घोडी माझ्याकडे आली तेव्हा 22 वर्षांची होती. "शहाणी आहे, फक्त स्वतःच्या मताची आहे," एवढंच आधीचा मालक म्हणाला होता. पहिल्याच आठवड्यात तिने मला मैदानाच्या फाटकापाशी अर्धा तास ताटकळत ठेवलं. टाच मारली, लगाम ओढला, गोंजारून झालं. बाई कान मागे टाकून ढिम्म.

म्हातारा घोडा नवशिक्याला बरा, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. तो सहसा बिथरत नाही, कारण त्याने सगळं पाहिलेलं असतं. पण त्यात नवशिक्यांचे डावही आलेच. माझी घोडी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना अंग असं ताठ करते की दहा पावलांनी तो हमखास सैल पडतो. म्हणून थोडं चालवून, चढायच्या आधी तंग पुन्हा आवळायचा.

माझी खरी चूक वेगळीच होती. तिच्या प्रत्येक नकाराला मी हट्ट समजत होतो. लगाम हातात घेतला की ती मान झटकायची. उजवीकडे वळून कँटर, म्हणजे दुडकीच्या वरची धाव, मागितला की पाठ कडक करून दुडकीतच राहायची. मी जोर वाढवत गेलो. आज त्याची लाज वाटते.

एकदा गव्हाणीपाशी अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे दिसले, म्हणून पशुवैद्यांना बोलावलं. घोड्याचे दात आयुष्यभर झिजतात आणि हिरडीतून वर सरकत राहतात. झीज सारखी नसली की वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्यांना जिभेच्या बाजूने धारदार कडा येतात. त्या कानशीने घासल्यावर मान झटकणं थांबलं. आता दर सहा महिन्यांनी दात तपासून घेतो.

कँटरचं कारण निघालं खोगिरात. वयाबरोबर पाठीचे स्नायू उतरतात आणि पाच वर्षांपूर्वी नीट बसणारं खोगीर कण्याजवळ रुतायला लागतं. ते बदलल्यावर दोन महिन्यांत ती उजवीकडेही मोकळी धावली.

तेव्हापासून माझा एक ढोबळ आडाखा आहे. दुखण्याचा नकार एकाच हालचालीला येतो, मग जागा कुठलीही असो, वर कुणीही बसो. मर्जीचा नकार जागा, वेळ आणि माणूस बघून येतो. आडाखा चुकू शकतो, म्हणून शंका आली की आधी दुखणंच धरून चालायचं.

फाटकाचा हट्ट मात्र शंभर टक्के मर्जीचा! तिथे ओढाताण केली की तीच जिंकते, वजनाचा हिशेब साधा आहे. मी लगाम सैल सोडतो, एक लहानसा फेरा घेतो आणि पुन्हा एकदाच, स्पष्ट सांगतो. बहुतेक वेळा ऐकते.

रपेटीची पहिली 15-20 मिनिटं नुसती चाल. सांधे धरलेल्या घोड्याला दिवसभर तबेल्यात बांधून ठेवलं तर तो आणखी आखडतो. झोपेकडेही लक्ष हवं. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि पुन्हा उठणं जड जाणारा घोडा आडवा व्हायलाच कचरतो. सकाळी तिच्या कुशीला भुसा चिकटलेला दिसला की मला बरं वाटतं. उन्हाळ्यातही लांब केस गळले नाहीत तर 'वय झालं' म्हणून सोडू नका, कुशिंग या संप्रेरकांच्या आजारासाठी रक्त तपासा. त्या आजारात खुरांना सूज येऊन घोडा कायमचा लंगडू शकतो.

आणि आपल्या घोड्याचे आकडे पाठ ठेवा. विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44, तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटदुखीत वाट बघत बसायचं नसतं.

आता ती 26 वर्षांची आहे. परवा फाटकापाशी थांबलीच नाही, निमूट आत गेली. माझ्या पोटात गोळा आला. खाली उतरून चारही पाय चाचपले, नाडी मोजली, थर्मामीटर लावला. 37.8. तोवर तिने पाण्याची बादली लाथेने उलथवली होती.