नुकसानभरपाईच्या दाव्यातील वैद्यकीय तपासणीचे चित्रीकरण कसे करावे

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पॉवर प्रेसमध्ये (पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्रात) हात सापडलेल्या कामगाराचा दावा शेवटी एकाच प्रश्नावर येऊन ठरतो: त्याची कमाईची क्षमता किती टक्के गेली? अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, असे आकडे कायद्याच्या अनुसूचीतच दिलेले आहेत; हा कायदा पूर्वी कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ होता, आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आहे. पण बोट शाबूत असून वळत नाही, मनगट फिरत नाही, मुठीत जोर उरलेला नाही, अशा अनुसूचीबाहेरच्या इजेचे टक्के डॉक्टरच्या तपासणीवरून ठरतात. त्या वेळी खोलीत काय झाले याची अहवालाखेरीज दुसरी नोंद नसते, म्हणून चित्रीकरणाचा आग्रह धरावा असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी कायद्याची चौकट लक्षात घ्यावी. अपघाताची नोटीस मिळाल्यावर तीन दिवसांच्या आत मालकाने कामगाराची मोफत तपासणी करवून देण्याची तयारी दाखवायची असते आणि कामगाराने तिला सामोरे जायचे असते. त्याने नकार दिला किंवा कोणत्याही प्रकारे अडथळा आणला, तर तो नकार वा अडथळा चालू असेपर्यंत भरपाईचा हक्क स्थगित राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असली, तरी तपासणीची ही मूळ चौकट कायम आहे. ज्याच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, त्याचे टक्के मात्र वैद्यकीय मंडळ ठरवते. त्याने चित्रीकरणाची विनंती त्या मंडळाकडेच करावी.

चित्रीकरण हा कायद्याने स्पष्ट शब्दांत दिलेला हक्क नाही, त्यामुळे परवानगी मागूनच पुढे जावे. तारीख कळताच मालकाला व डॉक्टरांना दोन ओळींचे पत्र द्यावे, नातेवाईक शांतपणे मोबाइलवर चित्रीकरण करील असे त्यात लिहावे आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी. डॉक्टर नाही म्हणाले तर उठून निघून येण्याची चूक करू नये, कारण तोच अडथळा ठरवला जाऊ शकतो. तपासणी पूर्ण होऊ द्यावी आणि बाहेर आल्याबरोबर वेळ, विचारलेले प्रश्न, वापरलेली साधने व चित्रीकरणाला मिळालेला नकार हे सारे कागदावर उतरवून खाली सही व तारीख घालावी. लपवून चित्रीकरण करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. उलटतपासणीत सगळा वेळ त्या लपवाछपवीवरच जातो आणि हाताचा मुद्दा बाजूला पडतो.

परवानगी मिळाली, तर मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकावा, म्हणजे मध्येच फोन येऊन चित्रण तुटणार नाही. सुरुवातीला तारीख, ठिकाण, हजर असलेल्यांची नावे आणि डॉक्टरांची संमती त्यांच्याच तोंडून नोंदवावी. त्यानंतर चित्रीकरण करणाऱ्याने एक शब्दही बोलू नये. चौकटीत चेहऱ्यापेक्षा हात महत्त्वाचा. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतचा भाग आणि डॉक्टरांचे हात एकाच वेळी दिसले पाहिजेत. कामगार स्वतः बोट कुठवर वाकवतो आणि डॉक्टर दाबून ते कुठवर नेतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालात केवळ दुसरी आली, तर चित्रणातून पहिली दाखवता येते. कोनमापक सांध्यावर लावला की नुसत्या नजरेने अंदाज केला, पकडीची ताकद यंत्राने मोजली की फक्त ‘बोट दाबा’ म्हटले, दुसऱ्या हाताशी तुलना केली की नाही, हे स्पष्ट दिसू द्यावे. कामगाराने दुखणे वाढवूनही दाखवू नये आणि लाजेपोटी लपवूही नये. इतर रुग्ण चौकटीत येता कामा नयेत. स्त्री कामगाराची तिच्या संमतीशिवाय पुरुष डॉक्टरांनी तपासणी करायची असेल, तर दुसरी स्त्री हजर असणे नियमाने बंधनकारक आहे. कॅमेराही शक्यतो त्या स्त्रीच्याच हाती द्यावा.

घरी आल्यावर चित्रणाला कात्री लावू नये, नाव बदलू नये आणि केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून निश्चिंत होऊ नये, कारण तिथे फाइल दाबली जाते आणि मूळ प्रत उरत नाही. दोन पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी नक्कल करावी आणि दावा संपेपर्यंत तो मोबाइल विकू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार नक्कल हजर करताना प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, शिवाय फाइलचे हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे ताडून पाहता येईल असा संगणकाने काढलेला अंक-अक्षरांचा संकेत) नोंदवावे लागते. म्हणून वकिलांना पहिल्याच भेटीत फाइल दाखवावी.

वकिलांना चित्रणासोबत मिनिटानुसार टिपण द्यावे: कोणत्या मिनिटाला कोणता सांधा तपासला आणि त्या वेळी डॉक्टर काय म्हणाले. कामगार रोज कोणते यंत्र चालवतो, त्यासाठी कोणती पकड लागते, हेही त्यात लिहावे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराची कमाईची क्षमता पूर्ण गेल्याचे मान्य केले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. डॉक्टर साक्षीला उभे राहतील तेव्हा त्यांना हाच प्रश्न चित्रण पुढे ठेवून विचारता येतो: या पकडीने हा माणूस प्रेसवर पत्रा धरू शकेल का?