घरी रक्तदाब मोजताना: खुर्ची, दंड आणि वही

आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी रक्तदाबाचे यंत्र आणले त्या दिवशी वडील मंडईतून आले, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दोन जिने चढले, चहाचा कप रिकामा केला, पलंगाच्या कडेवर पाय लोंबकळत ठेवून बसले आणि शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधून त्यांनी बटण दाबले. पडद्यावर 168 आणि 94 हे आकडे आले. सगळे घर हादरले आणि वडिलांनी सारा दोष यंत्राला दिला. संध्याकाळी त्यांना खुर्चीत नीट बसवून, बाही काढून, पाच मिनिटे गप्प ठेवून पुन्हा मोजले तेव्हा आकडा 138 आणि 84 असा आला. यंत्र तेच होते आणि माणूसही तोच होता. बदलली होती ती फक्त बसण्याची आणि मोजण्याची रीत.

असे का होते हे समजण्यासाठी आत काय चालते ते थोडक्यात पाहावे लागते. विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर आणि मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त पुढे ढकलते. शरीरातले एकूण रक्तही जवळपास तेवढेच असते, म्हणजे मिनिटाभरात साऱ्या रक्ताची एक फेरी पुरी होते. हृदय आकुंचन पावते तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब हा वरचा आकडा आणि दोन ठोक्यांमध्ये हृदय सैल पडते तेव्हाचा दाब हा खालचा आकडा. जिना चढणे, रागावणे, बोलणे, तुंबलेली लघवी, यातले काहीही झाले की हा दाब लगेच वर सरकतो, आणि तसे सरकणे हा आजार नव्हे. आपल्याला मोजायचा असतो तो शांत शरीरातला दाब.

यंत्राचे काम कसे चालते हेही कळले तर पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. दंडाभोवती पट्टा आवळून धमनी बंद पाडण्याची युक्ती इटलीतील रिव्हा-रोची यांनी 1896 मध्ये रूढ केली आणि पट्टा सैल होताना धमनीतून येणारे आवाज नळीने ऐकण्याची पद्धत रशियातील कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये दाखवली. डॉक्टरांच्या गळ्यातली नळी अजूनही तेच आवाज ऐकते. घरातले बॅटरीचे यंत्र मात्र आवाज ऐकत नाही. हवा हळूहळू सुटत असताना धमनीच्या स्पंदनामुळे पट्ट्यातल्या हवेत जी बारीक थरथर उठते ती ते टिपते आणि त्यावरून हिशेबाने दोन्ही आकडे काढते. त्यामुळे दंडाचा स्नायू ताणलेला असेल, बोटे हलत असतील किंवा बाजूला बसलेल्या नातवाने हात ओढला, तर यंत्राची फसगत होते. ज्यांच्या नाडीचे ठोके मुळातच अनियमित पडतात त्यांनी केवळ या यंत्रावर विसंबू नये.

आता पट्ट्याविषयी, कारण माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथेच होतात. खांदा आणि कोपर यांच्या निम्म्यावर, हात सैल सोडून, शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजावा. यंत्रासोबत मिळणारा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. नेमकी मापे पट्ट्यावरच छापलेली असतात. कोल्हापुरात तालमीत घाम गाळलेली माणसे काही कमी नाहीत, आणि तरुणपणी खासबागेच्या मातीत उतरलेल्या एखाद्या काकांचा दंड साठीतही 35 सेंटिमीटरच्या पुढे असतो. अशा दंडाला नेहमीचा पट्टा ओढूनताणून बसवला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि धडधाकट माणूस विनाकारण गोळ्यांच्या दारात जाऊन उभा राहतो. त्यांच्यासाठी मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर उलट चूक होऊन आकडा कमी येतो. मनगटावर बांधायची यंत्रे दिसायला सुटसुटीत असली तरी दंडावरचेच यंत्र घ्यावे.

पट्टा उघड्या दंडावर बांधावा. बाही वर गुंडाळून तिचाच फास दंडाला बसत असेल तर तो हात बाहीतून बाहेर काढावा. स्वेटरवरून किंवा घट्ट ब्लाउजच्या बाहीवरून घेतलेला आकडा लिहूच नये. तळहात वर करून कोपराच्या घडीत, करंगळीच्या बाजूला, दोन बोटे टेकवली की धमनीचे ठोके लागतात. पट्ट्यावरची खूण त्या रेषेत यावी आणि पट्ट्याची खालची कड घडीच्या दोन बोटे वर राहावी. बांधल्यानंतर पट्ट्याखाली एक-दोन बोटे सरकतील इतपतच तो घट्ट असावा.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, मशेरी आणि व्यायाम टाळावा. रंकाळ्याला फेरी मारून घरी आल्या आल्या मोजलेला दाब हा त्या फेरीचा दाब असतो. लघवी करून यावे, पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसावे आणि दोन्ही पावले जमिनीवर सपाट ठेवावीत. मांडी घालून जमिनीवर बसणे आपल्या अंगवळणी पडलेले असले तरी या कामासाठी ते योग्य नाही, तसेच पायावर पाय टाकणेही योग्य नाही. हात मेजावर असा टेकवावा की पट्टा हृदयाच्या उंचीला येईल. मेज बुटके असेल तर हाताखाली उशी घ्यावी. रक्त हा अखेर द्रवच असल्यामुळे दंड हृदयापेक्षा 10 सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा 7 ते 8 ने वाढतो आणि तेवढाच वर राहिला तर तेवढाच घटतो. यानंतर पाच मिनिटे नुसते बसावे. या वेळात टीव्ही बंद असावा, मोबाईल दूर असावा आणि आत्याबाईंचा फोन आला तर तो दुसऱ्याने घ्यावा, कारण नुसत्या बोलण्यानेसुद्धा वरचा आकडा सहज दहाने वाढू शकतो.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजून पाहावे आणि ज्या हाताचा आकडा जास्त येईल तोच हात पुढे कायम ठेवावा. दोहोंत सातत्याने 15 पेक्षा अधिक फरक दिसला तर ते डॉक्टरांना सांगावे. त्यानंतर सलग सात दिवस, सकाळी गोळी आणि न्याहारी यांच्या आधी आणि पुन्हा संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. आलेला आकडा आहे तसा लिहावा. 137 चे 130 करण्याचा मोह आवरावा. वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे, नाडीचे ठोके आणि काही वेगळे घडले असल्यास तेही टिपावे. आमच्या वहीत एका पानावर ‘रात्री लग्नाचे जेवण, पापड-लोणचे भरपूर, झोप नाही’ असे लिहिलेले आहे आणि त्यासमोरचे आकडे बाकीच्या आठवड्याशी अजिबात जुळत नाहीत. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी घेतली असेल तर तिची नोंद आवर्जून करावी, कारण अशा अनेक गोळ्या दाब वाढवतात.

पहिला दिवस वगळून उरलेल्या आकड्यांची सरासरी काढावी. घरी मोजलेली सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त असेल तर तो वाढलेला रक्तदाब समजतात. दवाखान्यात हीच मर्यादा 140/90 धरली जाते, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर अनेकांचा दाब आपोआप चढतो. सरासरी चांगली आली म्हणून चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, ती बहुधा गोळीमुळेच चांगली आलेली असते. ज्येष्ठांना उठताना भोवळ येत असेल तर बसून मोजल्यावर उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे, मात्र जवळ कोणीतरी असावे. वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

वरचा आकडा 180 च्या किंवा खालचा 120 च्या पुढे गेला आणि दुसरा कोणताही त्रास नसेल, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे आणि तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. मात्र सोबत छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा अचानक अंधुक दिसणे यांपैकी काही असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसू नये. 108 ला फोन करावा किंवा थेट सीपीआर गाठावे; बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायचे तर, कोल्हापूरकर सीपीआर म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असते.

वर्षातून एकदा यंत्र पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावे आणि त्यांच्या यंत्राशी ताडून पाहावे. सेल उतरले की बदलावेत, आणि पट्टा ठेवताना नळीला मोड पडणार नाही असा सैल गुंडाळावा.