‘गेममुळे हिंसा वाढते’ ही बातमी कशी तपासावी

संशोधनाच्या हवाल्याने अशी बातमी आली, की आधी एकच शोधा: मोजलं काय? मथळ्यात हिंसा असते, प्रयोगशाळेत मात्र पुष्कळदा आवाज मोजलेला असतो.

तो प्रयोग नीट समजून घ्या, त्याचा आधार फार घेतला जातो. विद्यार्थी थोडा वेळ गेम खेळतो. मग त्याला सांगतात, पलीकडे प्रतिस्पर्धी बसलाय. बटण आधी दाबेल त्याने हरणाऱ्याच्या कानात कर्कश आवाज सोडायचा. किती मोठा, किती वेळ, हे त्यानेच ठरवायचं. पलीकडे खरं तर कोणीच नसतं. आवाजाच्या आकड्यालाच पुढे ‘आक्रमकता’ म्हणतात. आणि हा आकडा कोणी पहिल्या आवाजावरून काढतो, कोणी सरासरीवरून, कोणी आवाज गुणिले वेळ असा. छापील शोधनिबंधांत अशा दीडशेहून अधिक रीती सापडल्या आहेत! हवा तो निष्कर्ष निघेल ती रीत नंतर निवडता येते, म्हणून रीत आधीच नोंदवली होती का, हे बघाच.

२०१९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आपली रीत आधीच नोंदवली होती. १४-१५ वर्षांची १,००४ ब्रिटिश मुलं घेतली. गेम किती हिंसक, हे अधिकृत वयोमानांकनावरून, म्हणजे कोणत्या वयाला योग्य या शिक्क्यावरून, ठरवलं; वागणूक पालकांना विचारली. संबंध आढळला नाही.

संबंध आढळल्याचं लिहिलं असेल, तर सहसंबंधाच्या आकड्याचा, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात हे सांगणाऱ्या आकड्याचा, वर्ग करा. ०.१ चा वर्ग ०.०१, म्हणजे वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम १ टक्का गेमशी जोडलेला. मुलगे आणि मुली वेगळे मोजलेत का, हेही पाहा. मुलगे मारधाडीचे गेम जास्त खेळतात आणि मारामाऱ्याही जास्त करतात. सरसकट मोजलं की संबंध आपोआप दिसतो.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची संघटना आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी लहानसा संबंध मानते. खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, हेही तिनेच २०२० साली सांगितलं.

‘गेमपायी खून’ अशी बातमी असेल, तर भांडण कशावरून पेटलं ते शेवटपर्यंत वाचा: गेममधल्या बंदुकीवरून, पैशांवरून, की फोन हिसकावण्यावरून? घरीही हेच सांभाळा. बीजीएमआय या मोबाइलवरच्या मारधाडीच्या गेमचा मोठ्या नकाशावरचा सामना सुमारे अर्धा तास चालतो. मधेच फोन ओढलात तर संघातली बाकीची तिघं अडकतात आणि मुलगा भडकतो. जेवायच्या अर्धा तास आधी सांगा, ‘हा शेवटचा.’