सर्वधर्म कार्यक्रमाची तयारी: खोली आधी, व्यासपीठ नंतर

गोव्यातल्या कॉलेजात किंवा विद्यापीठात सर्वधर्म संवादाचा कार्यक्रम ठरला की पहिली धावपळ हॉलची आणि पाहुण्यांची होते. होऊ दे. पण हॉलचा अर्ज लिहाल त्याच कागदावर एक छोटी खोलीही मागून घ्या, आणि कार्यक्रम संपल्यावर त्या खोलीत बसणारा एक माणूस त्याच दिवशी ठरवा. मागच्या वेळी आमचं नेमकं हेच राहिलं.

आता तारीख. संयुक्त राष्ट्रांनी 2010 साली फेब्रुवारीचा पहिला आठवडा जागतिक आंतरधर्मीय सलोखा सप्ताह म्हणून ठरवला, त्यामुळे सगळ्यांना फेब्रुवारीच सुचतो. मग पहिल्याच आठवड्यात उरका, पुढे ढकलू नका. 2026 मध्ये महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला, राखेचा बुधवार (ख्रिस्ती उपासकाळाचा पहिला दिवस) 18 ला, रमजान त्याच आठवड्यात सुरू, आणि मध्ये कार्निव्हल. अशा वेळी निम्मी मुलं उपासाला आणि उरलेली पणजीला. 2027 मध्ये तर रमजान आणि राखेचा बुधवार दोन्ही 10 फेब्रुवारीच्या आसपास येतात. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतं, म्हणून गेल्या वर्षीची फाईल उघडून तारीख टाकायची नाही. पंचांग, चर्चचं कॅलेंडर आणि हिजरी कॅलेंडर समोर ठेवूनच बसायचं. शुक्रवारची दुपार जुम्म्यासाठी सोडा, रविवारची सकाळ चर्चमधल्या मिसेसाठी. 24 नोव्हेंबरला जुन्या गोव्यात नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होते आणि 3 डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त, त्या दिवसांत ख्रिस्ती पाहुणा मिळणार नाही. चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं, सांगायला नको.

परवानगी लेखी घ्या. माइक, खुर्च्या, पाणी तुम्हाला कळतंच.

पोस्टर मराठीत आणि इंग्रजीत असतं, कोंकणीतही असू दे. ती देवनागरीबरोबर रोमी लिपीतही, म्हणजे इंग्रजी अक्षरांतही, छापा. दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातली कित्येक मुलं घरी प्रार्थनेचं पुस्तक रोमीतच वाचतात. नुसत्या देवनागरी पोस्टरवरून ती पुढे निघून जातात आणि आपण म्हणतो, मुलांना रस नाही. पोस्टरच्या तळाशी एक ओळ हवीच: "कार्यक्रमानंतर कुणाशी एकट्याने बोलायचं असेल तर अमुक खोलीत, अमुक वेळेपर्यंत." खोलीचा नंबर छापल्याशिवाय पोस्टर छपाईला देऊ नका.

वक्ते निवडताना एकेका धर्माचा एकेक प्रतिनिधी मांडून बसवू नका. फादर, भटजी आणि मौलाना अशी रांग लागली की तिघेही आपापल्या धर्माचं प्रशस्तिपत्र वाचून दाखवतात आणि मुलं मोबाईल काढतात. त्यापेक्षा मुलांनाच बोलतं करा. लईराई देवीच्या जत्रेला धोंड, म्हणजे व्रत पाळणारा भक्त, म्हणून जाणारा एखादा मुलगा तुमच्या वर्गात असेलच. जत्रेआधीच्या दिवसांत तो काय पाळतो, काय खात नाही, होमकुंडातून जाताना मनात काय असतं, हे त्याला विचारा. वसतिगृहात रोजे ठेवणाऱ्या मुलीला पहाटे जेवायला काय मिळतं ते विचारा. देव न मानणाऱ्यालाही बोलवा, त्यालाही रात्री झोप लागत नाही असे दिवस येतात. एकेकाला आठ मिनिटं. तुलना नाही, धर्मांतराचा विषय नाही, हे आधी प्रत्यक्ष भेटून सांगा. व्हॉट्सॲपवर सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही.

सुरुवात म्हापशाची मिलाग्र सायबीण (तिथल्या चर्चमधली मारिया माता) आणि शिरगावची लईराई यांच्यापासून करायला हरकत नाही. लोकांच्या मनात त्या बहिणी आहेत. सायबिणीच्या फेस्ताला शिरगावहून तेल येतं, लईराईच्या जत्रेला म्हापशाहून मोगरीची फुलं जातात. बार्देसातल्या मुलांना हे घरचंच वाटतं. पण एवढ्यावर थांबून "गोव्यात सगळे गुण्यागोविंदाने नांदतात" असं म्हणाल, तर मागच्या बाकावरून कुणीतरी इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज काळातलं चर्चचं धर्मन्यायालय, काढणार. काढलंच पाहिजे. 1560 ते 1812 हा काळ आहे. मंगेशीचा देव कुठ्ठाळीहून अंत्रुजात (फोंड्याकडे) प्रियोळला का न्यावा लागला, हे इथल्या हिंदू घरांत आजही सांगितलं जातं. आणि तो विषय निघाला की वर्गातल्या ख्रिस्ती मुलाचा चेहरा पडतो, जणू त्यानेच काही केलं. त्याचेही पूर्वज त्याच काळात भरडले गेले, खटले मुख्यतः धर्म बदललेल्यांवर चालले. सूत्रसंचालकाला एवढं माहीत असायला हवं. माहीत नसेल तर सूत्रसंचालक बदला. "आज तो विषय नको" म्हणून तोंड बंद करू नका, नंतर तोच विषय मेसमध्ये जास्त वाईट भाषेत निघतो.

समई पेटवायचा आग्रह धरू नका. ज्याला पेटवायची त्याने पेटवावी, दुसऱ्याने शेजारी उभं राहिलं तरी पुरे. एकत्र म्हणायची प्रार्थना मला पटत नाही. सगळ्यांना चालेल अशी करायला गेलं की ती कुणाचीच राहत नाही. दोन मिनिटं शांत बसा.

खाणं. इथे लोक फार गाफील असतात. सान्नां (इडलीसारखी वाफवलेली) सगळ्यांना आवडतात, पण ती परंपरेने माडाच्या सुरेवर फुगवतात. मुसलमान मुलांना द्यायच्या आधी करणारणीला विचारा. बेबिंकेत, त्या थराथरांच्या गोड पदार्थात, अंड्याचे बलक असतात, शाकाहारी मुलांना ते ताटात पडल्यावर कळतं. शुक्रवार असेल आणि उपासाचा काळ असेल तर ख्रिस्ती मुलं मांस खात नाहीत, सोमवारी बरीच हिंदू मुलं खात नाहीत. एखादी जैन मुलगी असेल तर कांदा-बटाटा नको आणि जेवण दिवस मावळायच्या आत. केळी, कांद्याशिवायची अळसांद्यांची (चवळीची) उसळ आणि पाव एवढं ठेवा, वेगळी पळी ठेवा. रमजानात सूर्यास्त ओलांडणार असाल तर खजूर आणि पाणी बरोबर वेळेला हातात द्या.

आता खोलीचं सांगते. मागच्या कार्यक्रमात एका मुलाने आजीच्या अंत्यविधीबद्दल सांगितलं, चांगलं सांगितलं. संपल्यावर मुलं बॅनर गुंडाळत होती आणि एक वसतिगृहातली मुलगी त्या बॅनरच्या टोकाशी उभी होती, बॅग छातीशी धरून. तिचे वडील गेले होते, परीक्षेमुळे ती उशिरा पोचली, सगळे विधी भावाने केले. "मॅडम, मी आता काही केलं तर त्यांना पोचेल का?" मी साउंडवाल्याचा हिशेब करत होते. सोमवारी ये म्हणाले. सोमवारी ती आली नाही.

कार्यक्रम असे प्रश्न उपसून वर आणतो. ते वर आणायचे आणि ऐकायला कुणी ठेवायचं नाही, हे चालणार नाही. म्हणून खोली. दोन खुर्च्या समोरासमोर नव्हे, थोड्या तिरप्या. पाणी, रुमाल. दाराला काच असलेली बरी, आत बसलेल्याला अडकल्यासारखं वाटत नाही आणि बाहेरच्यांनाही शंका येत नाही. आणि माणूस असा, ज्याच्याकडे त्या दिवशी दुसरं कुठलंही काम नाही. आभारप्रदर्शन नाही, पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडणं नाही, बिलं तर नाहीतच. नाव कागदावर लिहा. "कुणीतरी बसेल" याचा अर्थ कुणी बसणार नाही.

त्या माणसाला आधीच सांगा: देवाची इच्छा म्हणू नये, कर्म म्हणू नये, आपल्या धर्मातला उपाय सुचवू नये. ऐकावं. त्या मुलीला मी थांबून विचारायला हवं होतं, "तुला काय करावंसं वाटतं?" एवढं पुरलं असतं. तिला भटजींशी बोलायचं असतं तर भटजी, नसतं तर नाही. म्हणून फादर, सिस्टर, मौलाना, भटजी, समुपदेशक अशा विश्वासू माणसांचे नंबर, त्यांना विचारून, खोलीत ठेवा. निवड मुलाची. बोललेलं बाहेर जाणार नाही हे सुरुवातीलाच सांगायचं, आणि जिवाला धोका दिसला तर सांगावं लागेल हेही तेव्हाच सांगायचं. झोप नाही, जेवण नाही, जगण्यात अर्थ नाही असं कानावर आलं की तो नुसता श्रद्धेचा प्रश्न समजू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर भिंतीवर लावा, तो रात्रीही लागतो. बांबोळीची मनोरुग्णालयाची ओपीडी कुठे आहे ते त्या माणसाला माहीत असू दे, आणि गरज पडली तर मुलाला नुसता पत्ता न देता सोबत जा.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी खोली उघडून बघा. किल्ली शिपायाकडे असेल तर आताच घ्या, त्याची ड्युटी चारला संपते. सूत्रसंचालकाने खोलीचा नंबर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सांगायचा. बाकी नेहमीचं.

नंतर: हॉल रिकामा झाला तरी खोली तासभर उघडी. पत्रं, अहवाल, फोटो दुसऱ्या दिवशी; खोलीत आलेल्यांची नावं अहवालात नकोत. आलेल्यांना आठवड्याच्या आत एकदा भेटा, फक्त कसं आहेस विचारायला. परीक्षा मध्ये असेल तर परीक्षेनंतर पुन्हा. सोमवारी ये म्हटलं असेल तर सोमवारी तुम्हीच वसतिगृहावर जा.