‘मॅडम, घड्याळ ओरडायलंय’: हृदयरुग्णांच्या घरी काम सुरू करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांसाठी

सकाळी सव्वासातला फोन वाजला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरातून सून बोलत होती. “मॅडम, मामांचं घड्याळ ओरडायलंय. एकशे बारा दाखवतंय. दवाखान्यात न्यायचं का?”

मामांची बायपास होऊन पाच आठवडे झाले होते, आणि हृदयाचे ठोके मोजणारं स्मार्टवॉच त्यांच्या मनगटावर होतं. उभं आयुष्य यंत्रमागावर गेलेला माणूस. छातीत दुखतंय का, दम लागलाय का, गार घाम आलाय का, चक्कर येतेय का, असं मी एकेक विचारलं. काहीच नव्हतं. मग तिला त्यांच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला बोटं ठेवून अर्धा मिनिट मोजायला सांगितलं. हे मी तिला पहिल्याच भेटीत शिकवलं होतं. बेचाळीस भरले, म्हणजे मिनिटाला 84. मामा बोळात फेऱ्या मारत होते, पट्टा सैल होता आणि घड्याळाने ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडली होती.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण घरचे तुम्हाला विचारणारच. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडून त्वचेखाली रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. हात हलला की तोही चढउतार त्यात मिसळतो. पट्टा सैल असेल, खाली घाम साचला असेल किंवा हात गार पडले असतील, तर आकडा बिघडतो. ठोकेच अनियमित पडत असतील तर मनगटावरच्या आकड्यावर आणखी कमी विसंबावं. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत घेतो, म्हणून व्यायामाच्या वेळी तो जास्त खरा. पण बायपासची जखम ताजी असताना छातीवर पट्टा आवळता येत नाही, हेही लक्षात ठेवा. शेवटी तुमची बोटं आणि घरच्या एका माणसाची बोटं तयार हवीत.

मी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, करून पुढे हृदय-फुप्फुसांच्या शाखेत एमपीटी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, केली. तिथे शिकवलेलं पुनर्वसन म्हणजे सेंटरमध्ये आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे, समोर मॉनिटर. करमाळ्याचा किंवा अक्कलकोटचा पेशंट त्यासाठी सोलापूरला छत्तीस खेपा कशा घालणार? सोबत येणाऱ्याचा रोजगारही बुडतो. वैद्यकीय संशोधनाचे एकत्र आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांमध्ये घरचं पुनर्वसन आणि सेंटरमधलं पुनर्वसन परिणामांत साधारण सारखंच ठरलं आहे. म्हणून घरी जाऊन केलेलं काम कमी दर्जाचं आहे असं मनात आणू नका. मात्र पेशंट निवडून घ्यावा लागतो. हृदयाची ताकद फार कमी झालेला, विश्रांतीतही छातीत दुखणारा किंवा ठोक्यांचा गंभीर बिघाड असलेला पेशंट आधी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवा.

आता आकड्यांकडे येते, कारण नव्या मुलामुलींची पहिली चूक इथेच होते. घड्याळातलं ॲप वयावरून व्यायामाचे टप्पे ठरवतं. 58 वर्षांच्या माणसाला 220 उणे 58 म्हणजे 162, आणि त्याचे सत्तर टक्के 113. पण आपला बहुतेक पेशंट मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळी घेतो, आणि ती ठोके फारसे वाढू देत नाही. त्याला 113 पर्यंत न्यायला गेलात तर तो धापा टाकेल. मामांचंच उदाहरण देते. विश्रांतीत ठोके 62, गोळी चालू असताना केलेल्या स्ट्रेस टेस्टमध्ये, म्हणजे चालवून घेतलेल्या हृदयाच्या तपासणीत, सर्वोच्च 118. मधलं अंतर 56. त्याचे चाळीस ते साठ टक्के 62 मध्ये मिळवले की मर्यादा येते साधारण 84 ते 96. टेस्ट गोळी बंद ठेवून झाली असेल तर हा हिशोब लागू पडत नाही, म्हणून रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा तेच विचारा. टेस्ट झालीच नसेल तर सुरुवातीला विश्रांतीच्या ठोक्यांपेक्षा 20 ते 30 जास्त, त्यापुढे नाही. आणि अंगात आयसीडी, म्हणजे ठोके धोकादायक वाढले की झटका देणारं यंत्र, बसवलेलं असेल, तर ते कितव्या ठोक्याला झटका देतं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याच्या किमान दहा ठोके खाली थांबा.

सोबत श्रमाची जाणीवही विचारायची. श्रमाला आकडा देणारी बोर्गची 6 ते 20 ची पट्टी आमच्याकडे घराघरात समजावताना माझी दमछाक व्हायची. आता मी म्हणते, चालताना माझ्याशी बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येता कामा नये. हे सगळ्यांना कळतं.

घड्याळाचा खरा उपयोग मला एका विडी कामगार बाईंमुळे कळला. हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टी झालेली, वय बावन्न. सकाळी उठल्यावरचे ठोके रोज 64 ते 66. तीन दिवसांत ते 73, 79, 84 असे चढले. एकेक आकडा सुटा पाहिला तर त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. फोन केला तर म्हणाल्या, “बरं आहे की.” ताप नव्हता, जुलाब नव्हते. मग म्हटलं, गोळ्यांची पट्टी हातात घ्या आणि किती उरल्यात ते सांगा. पलीकडे बराच वेळ शांतता. गोळ्या चार दिवसांपूर्वी संपल्या होत्या. मजुरी हातात आली की आणू म्हणून त्या थांबल्या होत्या.

ठोके आवरणारी गोळी एकदम बंद करणं धोक्याचं असतंच. पण त्याच पिशवीतली रक्त पातळ ठेवणारी गोळीही संपली होती. स्टेंट, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, ताजा असताना ती चुकली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि ती चुकल्याची खूण कुठल्याही घड्याळात उमटत नाही. डॉक्टरांशी बोलून त्याच दुपारी औषधं घरी पोहोचवली. तेव्हापासून प्रत्येक भेटीत मी आधी पट्ट्या मोजते, मग घड्याळ बघते. तुम्हीही हाच क्रम ठेवा.

ईसीजी काढणाऱ्या घड्याळांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. बहुतेक घड्याळं एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा ईसीजी देतात. ठोक्यांची अनियमितता त्यात दिसू शकते, हार्ट अटॅक त्यावरून ओळखता येत नाही. एका घरी वडिलांच्या छातीत कळ येत असताना मुलगा “घड्याळात नॉर्मल आलंय” म्हणून तासभर थांबला होता. ते वाचले, पण तो तास मला विसरता येत नाही. छातीत दुखणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम, यांपैकी काहीही असलं की घड्याळाकडे बघायचंच नाही, थेट 108. हे मी मोठ्या अक्षरात लिहून देवघराशेजारी चिकटवते. उलट बाजूही माहीत असू द्या. ॲपलच्या घड्याळावर चार लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. अनियमित ठोक्यांची सूचना आलेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर चिकटवायचा ईसीजीचा पॅच लावून तपासणीला परत दिला, त्यांच्यात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांच्या अनियमिततेचा आजार, सापडलं ते 34 टक्क्यांना. सूचना आली की डॉक्टरांना दाखवायचं, घर हवालदिल करायचं नाही.

उन्हाळ्याचं वेगळं. एप्रिल-मे मध्ये इथे पारा चाळिशीपार असतो आणि उकाड्यात तेवढ्याच चालण्याला ठोके जास्त पडतात. चालणं पहाटे. लघवीची गोळी चालू असेल तर किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मनाने सांगू नका. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर त्याच दिवशी कळवायला सांगा. त्यासाठी साधा वजनकाटा पुरतो.

पहिल्याच दिवशी कागदावर लिहून सही घ्या की घड्याळाचे आकडे मी सकाळी आठ आणि संध्याकाळी सातलाच बघते, रात्री पलीकडे कोणी बसलेलं नाही. हे न सांगितल्यास घरचे घड्याळाच्या भरवशावर राहतात. आकडे कोणाला दिसणार हेही पेशंटलाच विचारा. एका पेशंटचा पुण्यातला मुलगा रोज रात्री वडिलांना पावलांवरून रागावायला लागला, तेव्हा त्यांनी घड्याळ काढून फडताळात ठेवून दिलं. मी मुलाशी बोलले. आता तो रविवारी फोन करतो, तब्येतीचं विचारतो आणि पावलांचं काढत नाही.

बायकांच्या बाबतीत काही गोष्टी कुठल्याच पुस्तकात मला मिळाल्या नाहीत. हातभर बांगड्या असल्या की घड्याळ सरकतं आणि आकडे उड्या मारतात. बांगड्या काढा असं म्हणू नका. घड्याळ मनगटापासून वर, बांगड्यांच्याही वर बांधा किंवा दंडाचा पट्टा वापरा. आणि घरकाम मोजा. हाताच्या कामाने ठोके आणि रक्तदाब पायांच्या कामापेक्षा जास्त वाढतात, पण पावलं मोजणाऱ्या यंत्राला ते काम दिसतच नाही.

बायपास झालेली प्रत्येक बाई मला एक प्रश्न विचारते: “भाकरी कधी थापू?” पीठ मळताना छातीच्या हाडावर जोर येतो, आणि ते हाड सांधायला साधारण बारा आठवडे जातात. एका मावशींना सर्जननी परवानगी दिली तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकाच्या वेळी गेले. पीठ सुनेनं मळून दिलं. मावशींनी ओट्याशी उभं राहून एक भाकरी थापली, मी मनगट धरून ठोके मोजले, 90. दुसरीला 94. थोडा दम लागला म्हणाल्या, बोलत मात्र होत्या. तिथे थांबवलं आणि वहीत लिहिलं: दोन भाकऱ्या, पुढच्या आठवड्यात तीन.