वारस नोंद, राहते घर आणि दुसऱ्या घरची मुले : या चुका टाळा

पाटण-जावळीकडची माणसे माथाडी कामासाठी मुंबईला आणि खानापूर-आटपाडीकडची गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परराज्यांत जाऊन राहतात. त्यांतल्या एखाद्याने तिकडे दुसरे घर केले, म्हणजे दुसरे लग्न केले असेल, तर गावात ती गोष्ट बहुधा त्याच्या पश्चात, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो तेव्हाच उघडपणे बोलली जाते. त्या घाईत केलेल्या चुका पुढे दिवाणी न्यायालयात निस्तराव्या लागतात. (पुढील विवेचन हिंदू कायद्यापुरते आहे.)

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दुसऱ्या घरच्या मुलांना अनौरस ठरवून त्यांची नावे वारसांच्या प्रतिज्ञापत्रातून गाळणे. पहिली पत्नी हयात असताना आणि घटस्फोट झालेला नसताना लावलेले लग्न हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार शून्य, म्हणजे मुळातच रद्दबातल असते आणि त्या स्त्रीला विधवा म्हणून वारसा मिळत नाही, हे खरे. परंतु त्याच कायद्याचे कलम १६ अशा लग्नाच्या मुलांना औरस मानते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून वडिलांच्या वाट्याला जो हिस्सा आला असता, त्यातही या मुलांना वारसा आहे.

समजा, भावांबरोबरच्या वाटपात आलेली आठ एकर वडिलोपार्जित जमीन मागे ठेवून, मृत्युपत्र न करता वडील नुकतेच वारले. मागे पत्नी, तिचा मुलगा, तिची मुलगी आणि दुसऱ्या लग्नाचा मुलगा. मृत्यूच्या लगेच आधी वाटप झाले असे कायदा गृहीत धरतो, म्हणून वडील, पत्नी, मुलगा व मुलगी यांचे दोन-दोन एकर होतात. मग वडिलांचे दोन एकर चौघा वारसांत वाटले जातात आणि दुसऱ्या लग्नाच्या मुलाला वीस गुंठे मिळतात, बाकीच्यांना प्रत्येकी अडीच एकर. हीच जमीन वडिलांनी स्वतः कमावून घेतलेली असती, तर त्यालाही इतरांइतकेच, म्हणजे दोन एकर, मिळाले असते. (वडिलांची आई हयात असेल तर तीही वारस असते आणि आकडे बदलतात.) म्हणून भांडणाआधी जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) काढून जमीन कुठून आली ते पाहावे. दुसऱ्या बाजूचीही चूक ठरलेली असते: वडील हयात असतानाच वाटपाचा दावा लावणे, किंवा चुलत्यांच्या जमिनीवर हक्क सांगणे. कलम १६ तेवढे देत नाही, आणि जे देते त्यासाठीही लग्न लागल्याचा पुरावा जपून ठेवावा लागतो.

या गोंधळाचे मूळ अनेकदा स्टँप पेपरवरच्या सोडचिठ्ठीत असते. नोटरीचा शिक्का मारला म्हणून घटस्फोट होत नाही. जातीत काडीमोडीची रूढी असेल तर ती कायद्याने राखली आहे, पण ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. पहिले लग्न कायद्याने टिकून असेल, तर त्या काळात पत्नीला झालेले मूल भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ नुसार पहिल्या नवऱ्याचेच औरस मूल मानले जाते. गर्भधारणेच्या काळात दोघांचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे सिद्ध झाले तरच ते गृहीतक ढळते. घटस्फोटानंतर २८० दिवसांत झालेल्या मुलालाही, आईने पुन्हा लग्न केले नसेल तर, हेच लागू होते.

राहत्या घराबद्दल एक जुनी समजूत अजून टिकून आहे, की भाऊ वाटप मागत नाहीत तोवर बहिणींना घरात हिस्सा मागता येत नाही. तसे कलम वारसा कायद्यात होते. २००५ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. सुनेला घराबाहेर काढणाऱ्या सासू-सासऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, घर त्यांच्या नावावर असले तरी ती तिथे संसार करत होती, म्हणून कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली तिला तिथे राहण्याचे संरक्षण मागता येते. मात्र तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. घटस्फोटानंतर नवऱ्याच्या मालमत्तेतील निम्मा वाटा आपोआप मिळतो, ही समजूतही आपल्याकडील कायद्यात बसत नाही. स्त्रीधन मात्र सर्वस्वी तिचेच.

राहिला बहिणींचा तलाठ्याकडचा जबाब. ‘आम्हाला हिस्सा नको’ असे साध्या कागदावर लिहून घेतल्याने हक्क सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. त्या जबाबावर फेरफार मंजूर झाला असेल, तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करता येते. पण सातबारा हा महसुलापुरता कागद असल्यामुळे, मालकीचा वाद असेल तर दिवाणी दावाच दाखल करावा लागतो.